रघू पाडेल्याची ओळ

मी आयुष्यभर एकच काम केलं. कोण कोणाच्या आधाराने उभं आहे ते शोधून काढायचं. माणसांचं नव्हे, माहितीच्या तक्त्यांचं. डिचोलीच्या बाजारात कोणी विचारलं, भाऊ तुम्ही नोकरीत नेमकं करत काय होता, की मी तोंड उघडायच्या आत आमची ही सांगून मोकळी होते, "कॉम्प्युटरात होते." जणू काही तीस वर्षं मी त्या पेटीच्या आतच बिऱ्हाड केलं होतं. यंदा अंकाच्या संपादकबाईंनी मात्र खुलासेवार लिहा म्हणून गळ घातली. कामातल्या गमतीजमती चालतील, असंही वर सांगितलं. गमती आहेत, एक-दोन सांगतोही. पण बाई, त्या शेवटपर्यंत पुरणार नाहीत हे आत्ताच कबूल करतो.

आधी धंदा समजावतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. डेटाबेस म्हणजे वह्यांनी भरलेलं एक कपाट समजा. एका वहीत खाणीवरच्या ट्रकमालकांची नावं, प्रत्येकाला एक नंबर. दुसऱ्या वहीत ट्रक. ट्रकच्या ओळीत मालकाचं नाव, गाव, पत्ता पुन्हा लिहीत नाहीत, फक्त त्याचा नंबर लिहितात. मालक कोण ते बघायचं तर नंबर घेऊन पहिल्या वहीत जायचं. आता या दोन वह्यांमध्ये एक नियम घालता येतो. त्याला आम्ही फॉरेन की म्हणतो. नियम एकदा घातला की मशीन दोन गोष्टींची राखण करतं. जो मालक पहिल्या वहीत नाहीच त्याचा नंबर ट्रकच्या वहीत लिहू देत नाही. आणि एकही ट्रक ज्याच्या नावावर उभा आहे तो मालक पहिल्या वहीतून खोडू देत नाही. कितीही मोठा साहेब येऊन बसला तरी नाही. मात्र नियम कोणीतरी घालावा लागतो. न घातलेला नियम मशीनला कुठून ठाऊक असणार?

हे सगळे नियम डेटाबेस स्वतःच्याच काही आतल्या वह्यांत टिपून ठेवतो. माझी खासियत होती त्या आतल्या वह्या प्रोग्रामने वाचण्याची. एखाद्या तक्त्याचं, म्हणजे वहीचं, नाव द्यायचं आणि विचारायचं, बाबा रे, तुझ्यावर कोण कोण टेकलंय, कुठल्या रकान्याने टेकलंय? उत्तरात जी नावं येतील, त्यांच्यावर आणखी कोण टेकलंय ते पुन्हा विचारायचं. असं करत शेवटच्या टोकापर्यंत जायचं आणि सगळी उतरंड कागदावर छापायची. त्या प्रोग्रामचं नाव मी 'नातीगोती' ठेवलं होतं. आजकाल ही उतरंड चित्रासकट पडद्यावर दिसते म्हणे. आमच्या वेळी ती ओळीओळीने कोड लिहून उकरून काढावी लागायची, आणि पणजीच्या आमच्या कंपनीत ते करणारा मी एकटा होतो. छाती फुगायची, खोटं कशाला सांगू.

आमच्याच डिचोलीतल्या एका खाणीवर एकदा जुना वजनकाटा मोडीत काढला. मॅनेजर म्हणाला, यादीतून पण उडवा, एका ओळीचं तर काम आहे. मी म्हटलं, थांबा, आधी विचारून घेऊ. 'नातीगोती' चालवलं तर बाहेर पडला हातभर कागद. त्या काट्यावर ट्रकच्या खेपा टेकलेल्या, खेपांवर नदीतून खनिज नेणाऱ्या बार्जी, बार्जींवर मुरगाव बंदराला लागलेली जहाजं. हे एक वेळ समजलं, पण खाली कॅन्टीनची चहाची कुपनंसुद्धा टेकलेली निघाली. कोणा शहाण्याने कॅन्टीनला वेगळा नंबर देण्याचा आळस करून जवळच्या काट्याचाच नंबर ठोकून दिला होता. काटा उडवायला आम्ही गेलो असतो तर मशीनने चहापाशी अडवलं असतं. मॅनेजर पोट धरून हसला आणि त्याने मला जेवू घातलं.

तिथे कामाला असलेल्या इब्रामपूरच्या एका मुकादमाने घरी जाऊन सांगितलं असावं, की पणजीच्या माणसाकडे सगळ्यांची नाती सांगणारं मशीन आहे. तर त्याचे सासरे पुतणीची पत्रिका घेऊन आमच्या ऑफिसात हजर. मुलाकडचे लोक कुठल्या कुळातले ते बघून द्या म्हणे. त्यांना समजावता समजावता माझा घसा सुकला. शेवटी, तुमच्या मशीनला मग कळतं तरी काय, असं म्हणून म्हातारे रागाने निघून गेले. त्यांचा प्रश्न मला तेव्हा अडाणी वाटला होता.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय ते सांगतो. त्यासाठी 'नातीगोती' लिहायच्या आधी पाच-सहा वर्षं मागे जायला हवं.

गोवा घटक राज्य झालं, भाषेची भांडणं थोडी निवली, आणि जो तो कागद कॉम्प्युटरवर चढवायची घाई सुरू झाली. त्यात पेडणे बाजूच्या काही गावांच्या जमिनीच्या नोंदी चढवायचं कंत्राट आमच्या कंपनीला मिळालं. त्यात दोन वह्या महत्त्वाच्या होत्या. एक भाटकारांची, म्हणजे जमीनमालकांची. दुसरी मुंडकारांची. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहिलेला माणूस. घर त्याचं, खालची जमीन भाटकाराची. तो माडांची राखण करतो, भाटकाराच्या घरचं पडेल ते बघतो. कायद्याने त्याला त्या घरातून काढता येत नाही. मात्र मुंडकार आहोत हे दाखवायला वहीत नाव लागतं. वहीत नाव असेल तर तो मुंडकार, नसेल तर कोणाच्या तरी जमिनीत घुसून राहिलेला उपरा.

फॉर्मांचे गठ्ठे आले ते उलटे आले. मुंडकारांचे आधी, भाटकारांचे मागाहून. मी दोन वह्यांमध्ये फॉरेन की घालून ठेवली होती, त्यामुळे मशीन मुंडकारांची एक ओळ घेईना. भाटकारच अजून आत नाहीत, तर त्यांचे मुंडकार कुठून घेणार? अशा वेळी नियम तात्पुरता काढायचा, सगळं भरून घ्यायचं आणि मग परत घालायचा, ही आमची नेहमीची रीत. मी नियम काढला. सगळे गठ्ठे भरून झाल्यावर परत घालायला गेलो तर मशीन अडून बसलं. चाळीसेक मुंडकार असे होते की त्यांच्या भाटकाराचा पत्ताच नव्हता.

फॉर्म काढून बघितले तर हसावं की रडावं कळेना. जमीन कोणाची, या रकान्यात त्या लोकांनी लिहिलं होतं, देवाची. कोणी 'देव रवळनाथ', कोणी 'सातेरी', कोणी नुसतंच 'देवाचां'. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. ते देवस्थानाच्या जमिनीत राहत होते आणि त्यांच्या लेखी भाटकार देवच. पण भाटकारांच्या वहीत रवळनाथ कुठे असणार? तिथे देवस्थानाचा कारभार बघणाऱ्या महाजनांची नावं. फॉर्म भरून घेणारे कारकूनही त्याच गावांतले. त्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि जमवाजमव म्हणून त्यांनी मनाने नंबर टाकून दिले. आता त्या चाळीस घरांसाठी गावागावांत जाऊन कुठल्या देवाचे महाजन कोण ते लावून घ्यायचं, म्हणजे पंधरा दिवसांचं काम. आणि चार दिवसांवर समारंभ. मंत्री येणार, बटण दाबणार, पहिला उतारा छापून निघणार. बाहेर मांडव उभा राहायला लागला होता.

आमचे सर, म्हणजे कंपनीचे प्रमुख, म्हणाले, "उतारा निघतो ना? मग नियम मागाहून घालू." मीही म्हटलं, मागाहून घालू. समारंभ झाला, उतारा निघाला, टाळ्या झाल्या. मग दुसऱ्या तालुक्याचे गठ्ठे आले. मागाहून ते मागाहूनच राहिलं.

पुढे मी 'नातीगोती' लिहिलं आणि ते काय काय करून दाखवतं ते पाहून सरांनी ते सगळीकडे वापरायला काढलं. पेडण्याच्या नोंदींत मेलेले भाटकार बरेच साठले होते. त्यांच्या जागी वारसांची नावं घालून जुन्या ओळी काढायचं ठरलं. पद्धत मीच बसवली. मेलेल्या भाटकारावर कोणकोणते तक्ते टेकलेत ते 'नातीगोती'ला विचारायचं, त्या प्रत्येक तक्त्यातला नंबर बदलून वारसाचा घालायचा, आणि शेवटी जुनी ओळ खोडायची. चूक व्हायला जागाच नाही, असं मी छातीठोक सांगितलं होतं. प्रोग्रामने सर्वे नंबरांचा तक्ता दाखवला, घरपट्टीचा दाखवला. मुंडकारांचा दाखवला नाही. दाखवणार कसा? तो नियमच मी स्वतःच्या हाताने काढला होता, आणि प्रोग्राम वाचणार ते नियमच. मी इतका हुशार की आपणच काय केलं होतं ते मला आठवलं नाही. एकेक जुना भाटकार खोडला, मशीनने मुकाट्याने खोडू दिला, आणि मी खाली जाऊन उंडो-भाजी, म्हणजे आमच्याकडची पाव-भाजी, खाल्ली.

त्यानंतर वर्षभराने रघू पाडेली आला.

पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. केरीचा. पन्नाशीला आलेला, छातीला आणि पायांना माडाचे घट्टे पडलेले, बोलायला सावकाश. त्या काळात कंपनीने मला त्या कार्यालयातच खिडकीशी बसवलं होतं, कोणाच्या नोंदीत अडचण आली तर बघायला. रघूचा म्हातारा भाटकार आधीच कधीतरी वारला होता. त्याच्या मुलांनी मुंबईत बसून किनाऱ्यालगतचं ते भाट, म्हणजे माडांची बाग, एका हॉटेलवाल्याला विकलं, आणि हॉटेलवाल्याची माणसं टेप घेऊन मापं काढून गेली होती. रघूचं घर त्या भाटात होतं. आजाने बांधलेलं, मातीचं, पुढे तुळस. त्याला आपल्या नोंदीचा उतारा हवा होता. जुना कागद वाळवीने खाल्ला, म्हणाला.

मी नाव घातलं. पडद्यावर काही आलं नाही. बापाचं नाव घातलं, आजाचं घातलं, घर नंबर घातला. काही नाही. रघूला वाटलं मी नीट शोधत नाही. त्याने मला समजावायला सुरुवात केली. चवथीला भाटकाराच्या गणपतीवरची माटोळी आम्हीच बांधतो. नारळाची पेंड, कांगल्या, सुपारीचे घड, रानातली सगळी फळं आणून टांगायची, हा मान आमच्या घराण्याचा. मुंडकार नसतो तर माटोळीला हात लावू दिला असता का? कोणालाही विचारा, म्हणाला. तो सांगत होता तो केरीतला सगळ्यात पक्का पुरावा होता. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, "रघूबाब, कॉम्प्युटरात तुमचं नाव नाही."

तो तीन वेळा आला. तिसऱ्या वेळी बायकोला, शेवंतीला, घेऊन आला. तिने मला एवढंच विचारलं की शेजारच्या भाटातल्या लोकांची नावं आहेत, मग आमचंच कसं नाही. प्रश्न अगदी बरोबर होता. त्या लोकांचा भाटकार जिवंत होता. मी जर त्या वेळी दोन वह्या जोडून न बघता मुंडकारांची एकटी वही उघडली असती, तर पाच मिनिटांत सापडलं असतं. पण मला तशी गरजच वाटली नाही. माझी पद्धत चूक असू शकते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वर रघूलाच मी सांगितलं की तुमच्या वडिलांनी त्या वेळी फॉर्म भरलाच नसेल. आणि नियमाप्रमाणे छापील कागद काढून दिला, 'नोंद आढळत नाही', खाली माझी सही.

त्या कागदाची एक प्रत हॉटेलवाल्यानेही मागून घेतली. पुढच्या महिन्यात त्या कागदाच्या जोरावर जेसीबी आला. रघू तेव्हा कोणाच्या तरी माडावर होता, असं मला मागाहून कळलं. वरून त्याला दिसलं. खाली उतरेपर्यंत अर्धं घर गेलं होतं.

नोंद सापडली ती आणखी तीन आठवड्यांनी, आणि सापडली तीही मी शोधत नसताना. वरून गाववार मुंडकारांची संख्या मागवली होती. एका प्रोग्रामने नुसत्या वहीतल्या ओळी मोजल्या, दुसऱ्याने नावांची यादी छापली. केरीच्या आकड्यात आणि यादीत सतराचा फरक आला. मी वही उघडून बघितली. रघूची ओळ तिथे होती. नाव, बापाचं नाव, घर नंबर, सगळं जागच्या जागी, पहिल्या दिवशी चढवलं होतं तसं. शेवटच्या रकान्यात भाटकाराचा नंबर ४१२. आणि ४१२ नंबरचा भाटकार मी खोडला होता. ज्याचा भाटकार सापडत नाही तो मुंडकार यादीत छापला जात नाही, एवढी साधी गोष्ट. देवाच्या जमिनीतली ती चाळीस माणसं तर समारंभाच्या दिवसापासूनच यादीत नव्हती. पण देव काही हॉटेलवाल्याला जमीन विकत नाही, म्हणून त्यांच्यापैकी कोणी खिडकीशी आलं नव्हतं. मी खुर्चीत बसलो होतो तरी मला वाटलं की मी पडतोय. 

सरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग म्हणाले की कंत्राट पुढच्या महिन्यात पुन्हा ठरायचं आहे, कंपनीत चाळीस माणसं आहेत. उतारा देऊन टाक, त्याच्या नावाची नोंद आहे, त्याला तेवढंच हवंय. कारणात लिही, 'नोंद नंतर आढळली'. यात खोटं काय आहे, असंही त्यांनी मला विचारलं. खोटं काहीच नव्हतं. मी तसं लिहिलं आणि स्वतः केरीला जाऊन उतारा रघूच्या हातात दिला. तो आणि शेवंती शेजारच्याच्या पडवीत राहत होते. रघूने कागद डोक्याला लावला. माझे उपकार मानले. मी चहा न घेता निघालो.

त्या उताऱ्यावर रघूने घर परत मिळावं म्हणून अर्ज केला आणि सुनावणी लागली. समोरच्या वकिलाने काय करावं? दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एकावर 'नोंद आढळत नाही', दुसऱ्यावर 'नोंद नंतर आढळली'. दोन्हींवर माझीच सही. मधल्या काळात ही नोंद कोणी घुसडली, असा त्याचा सरळ प्रश्न होता. मला बोलावलं. त्याने विचारलं, पहिल्यांदा नोंद का आढळली नाही?

उत्तर मला तोंडपाठ होतं. नोंद पहिल्यापासून होती, तिला धरून ठेवणारा नियम मी काढला, परत घातला नाही, आणि मग त्या नियमाच्या भरवशावर तिचा भाटकार खोडला. तीन वाक्यं. ती बोललो असतो तर वकिलाचा मुद्दाच उरला नसता. मागच्या बाकावर सर बसले होते. त्यांनी मला काही खूण केली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. मी म्हणालो, "तांत्रिक कारण."

कसलं कारण, त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हणालो. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं, लिहून घेतलं, आणि मला जायला सांगितलं.

निकाल काय लागला ते आत्ताच सांगून टाकतो. मशीनच्या नोंदीवर भरवसा ठेवता येत नाही असं ठरलं आणि रघूचा अर्ज फेटाळला. त्याच्या वकिलाने वर अपील केलं, ते रेंगाळलं. रघू मुलीकडे इब्रामपूरला राहायला गेला. तिथे माड कमी, काजू जास्त. दोन वर्षांनी तो वारला आणि अपिलाचं पुढे काही झालं नाही. केरीला आता त्या जागी हॉटेलचं कुंपण आहे. मी आणि कंपनीतल्या आणखी एकाने रजा काढून देवाच्या जमिनीतली ती चाळीस घरं एकेक करून लावली, रघूच्या बरोबरच्या सोळा जणांना त्यांच्या भाटकारांचे वारस जोडून दिले, आणि फॉरेन की परत घातली. त्यानंतर 'नातीगोती' बरोबर चालत होतं. कोणी त्याचं कौतुक केलं की मी विषय बदलायचो. घरीसुद्धा हे मी कोणाला सांगितलेलं नाही. आमची ही आता अंकातच वाचेल.

सुनावणी झाली त्या दिवशी बाहेर जे घडलं ते राहिलं. मी व्हरांड्यात आलो तेव्हा रघू आणि शेवंती पायऱ्यांवर बसले होते. आत काय चाललं होतं ते त्यांना निम्मंच कळलं असावं. रघूने उताऱ्याची घडी उलगडली आणि माझ्यापुढे धरली. त्याला वाचता येत नव्हतं, हे मला तेव्हा समजलं. इतके दिवस तो कागद त्याने नुसताच सांभाळला होता.

"माझां नांव वाचून दाखयशात?" तो म्हणाला.

मी वाचलं. त्याचं नाव, बापाचं, आजाचं, घर नंबर, चारी बाजूंच्या हद्दी. हद्दी ऐकताना तो प्रत्येक बाजूला मान हलवत होता. वाचून झाल्यावर त्याने विचारलं, ही ओळ मशीनमध्ये कधीपासून होती. आणि मी, जो दहा मिनिटांपूर्वी आत तोंड उघडू शकलो नव्हतो, तो त्याला म्हणालो, "पहिल्या दिवसापासून. चूक माझी झाली, रघूबाब. तुमचं नाव कायम होतं."

तो चिडला नाही. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"ह्यां भितर सांगूक होयां होतां, सायबानू," तो म्हणाला. मग पायरीला हात टेकून उठला. "सायब अजून भितर बसलेले असत. चला, सांगया."

तो खरोखरच दाराकडे दोन पावलं चालला आणि माझ्यासाठी थांबला. शेवंतीही उठून उभी राहिली. पलीकडे सर स्कूटर चालू करून माझी वाट बघत होते. मी रघूला म्हणालो की आता सुनावणीची वेळ संपली, आता सांगून उपयोग नाही. त्याला कायद्यातलं काही कळत नव्हतं आणि माझ्यावर त्याचा विश्वास होता. त्याने मान हलवली, कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला आणि दोघंही बसच्या दिशेने गेली.

दार उघडंच होतं. साहेब आत एकटेच बसून पेन हातात घेऊन लिहीत होते. मी स्कूटरवर बसेपर्यंत ते मला दिसत होते.